ग्रहणाची रेषा आणि धातूचा पापुद्रा

इसवी सन 1868 च्या ऑगस्टची 18 तारीख. त्या सकाळीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया रत्नागिरीच्या दक्षिणेस विजयदुर्गाच्या किनाऱ्यावरून देशावर सरकली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन सज्ज होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांत त्यांस तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. नारिंगी रेषा सोडियमची असावी असें त्यांस वाटलें. ती सोडियमची नव्हे, हें लॉकियर यांनीं त्याच वर्षीं विलायतेंत ओळखलें. विजयदुर्गास ते आले ते 1898 च्या ग्रहणासाठीं. ती रेषा हेलियम वायूची होती.

हा वायु 1895 सालीं रॅमसे यांस पृथ्वीवर सांपडला. 1908 सालीं लायडन येथें कामरलिंग ओनेस यांनीं तो द्रवरूप केला. त्या थंडींत, 1911 सालीं, पाऱ्याचा विद्युद्विरोध एकाएकीं नाहींसा झाला. हीच अतिसंवाहकता. परंतु तिला एक वैरी निघाला: चुंबकीय क्षेत्र प्रबळ होतांच ती मावळे.

कारण 1933 सालीं मायस्नर व ओक्सेनफेल्ड यांच्या प्रयोगानें उमगूं लागलें. अतिसंवाहक धातु चुंबकीय क्षेत्रास बाहेर लोटते. त्यास शक्ति खर्चावी लागते, आणि खर्च पेलेनासा झाला कीं ती अवस्था मोडते. क्षेत्र धातूंत अगदीं थोड्या खोलीपर्यंतच शिरतें, असें 1935 सालीं लंडन बंधूंनीं दाखविलें. मग पापुद्रा त्या खोलीहून पातळ असेल तर? 1939 सालीं ब्रिस्टल येथें पाऱ्याच्या थरांवर पाहिलें, तों थर जितका पातळ, तितकें त्यानें अधिक प्रबळ क्षेत्र सोसलें. मांडवीच्या खलाशास यांत नवल वाटणार नाहीं: वाऱ्यास अडविणारें शीड फाटतें, वारा आरपार सोडणारें जाळें टिकतें.

हें क्षेत्र पापुद्र्यास समांतर असतांचें. तें उभें शिरलें तर प्रवाहाचे सूक्ष्म भोवरे उठतात व बहुधा षट्‌कोनी रांगोळीसारखे मांडले जातात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं मॉलिब्डेनम व जर्मेनियम यांच्या सुमारें 20 नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांत ही रांगोळी क्षेत्र वाढतांच पायरीपायरीनें वितळतांना पाहिली व 2019 सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथेंही थंडी पुरविली ती हेलियमनेंच.

जमखंडीस दिसलेल्या त्या रेषेचा असा उपयोग होईल, हें त्या सकाळीं कोणाच्याही ध्यानीं नव्हतें.