दूत, दूतक, दुता

नालंद्याला १९२१ साली हिरानंद शास्त्रींना सापडलेल्या ताम्रपटातला एक समास मला फार आवडतो: 'दूतकमुखेन'. सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे सुमात्रा-जावाकडच्या, बालपुत्रदेव राजाने नालंद्यात विहार बांधवला आणि पालराजा देवपालाला दूतकाच्या तोंडून विनवले, की विहाराला गावे लावून द्यावीत. नवव्या शतकातली ही गोष्ट. देवपालाने पाच गावे दिली. चार राजगृहाकडची, एक गयेकडचे. उत्पन्न कशावर खर्चावे तेही सांगितले आहे: भिक्षूंचे अन्न, औषध, विहाराची डागडुजी आणि ग्रंथलेखन. पोथ्या उतरवून घेण्याची तरतूद दोन राजांच्या व्यवहारात यावी, याचे मोल मला फार वाटते.

'तोंड' इथे सहज आलेले नसावे. कौटिल्यही राजांना 'दूतमुख' म्हणतो. मग 'दूत' कुठला? उणादिसूत्रे तो 'दु' म्हणजे तापणे, पोळणे या धातूपासून साधतात. हे ओढूनताणून केलेले दिसते. 'दूर'मधला 'दू' अधिक जवळचा वाटतो. तसे असेल तर दूत म्हणजे दूर जाणारा. ऋग्वेदात ही फेरी अग्नी करतो, माणसांकडून देवांकडे.

मराठीत हा शब्द देवदूत-यमदूतांपाशी रेंगाळला, आणि दरबारात फारसीच्या वाटेने हेजीब व वकील आले. हेजीब म्हणजे अरबी 'हाजिब', आड उभा राहणारा द्वारपाल. 'हिजाब' त्याचाच सख्खा. वकिलाच्या मुळाशी 'सोपवणे' आहे. पुढे वकील कचेरीत गेला, 'वकिलात' मात्र परराष्ट्र व्यवहारात टिकली. 'राजदूत' आणि 'दूतावास' ही संस्कृताची अलीकडची परतफेरी असावी.

बालपुत्रदेवाच्या मुलखात काय झाले? इंडोनेशियात राजदूताला आजही 'दुता बसार', म्हणजे मोठा दूत, म्हणतात; थायलंडात वकिलातीला 'सथान थूत', म्हणजे आपले दूतस्थान. अरबी वकीलही इंडोनेशियात पोचला, पण कोर्टात न जाता: 'वाकिल प्रेसिदेन' म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष. शाळा-कॉलेजातले शब्द तर ओळखीचेच. विद्यापीठातला विद्यार्थी 'महासिस्वा', त्याचे वसतिगृह 'आस्रामा', पदवीदान 'विसुदा' (विशुद्ध?). शिष्यवृत्तीला 'बेआसिस्वा' म्हणतात; त्यातला 'बेआ' हा आपला 'व्यय' असावा.

ताम्रपटात दूतकाचे काम आणखी एकाकडे आहे: देवपालाचा मांडलिक, व्याघ्रतटीमंडलाचा अधिपती बलवर्मा. तो निरोप्या नव्हे. दानपत्रांतला दूतक हा राजाज्ञा अमलात आणणारा अधिकारी असतो. म्हणून मराठीत या दोघांना एकच 'दूत' शब्द लावू नये. सुवर्णद्वीपाहून आला तो वकील, आणि बलवर्मा तो मुखत्यार.