हिरडा : एका सौम्य रेचकाचा इतिहास

आपल्या वैद्यकपरंपरेनें हिरड्यास आईची उपमा दिली आहे. आई एखादे वेळीं रागावेल, परंतु पोटांत गेलेला हिरडा रागावत नाहीं, असा त्या उपमेचा भाव. एका तुरट, सुरकुतलेल्या फळास इतका मान मिळावा यांत नवल वाटण्यासारखें आहे खरें. पण त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, ज्यांनीं हा मान दिला त्यांनींच त्याच्या सेवनास मर्यादाही घालून दिल्या.

हिरडा हा सह्याद्रीचा जुना रहिवासी. जुन्नर, आंबेगांव या भागांतील महादेव कोळी कुटुंबें उन्हाळ्यांत कोवळीं फळें गोळा करून उन्हांत वाळवितात, हाच बाळहिरडा. पूर्ण वाढलेलें मोठें फळ तें सुरवारी हिरडा. या फळांत दोन विरुद्ध गुण एकत्र नांदतात. त्यांतील कषायद्रव्य आंतड्यास आवळतें, तर दुसरीं कांहीं द्रव्यें त्यास चालना देतात. म्हणूनच एकच फळ कधीं रेचक, तर कधीं स्तंभक ठरतें.

हें द्वैत प्राचीनांनीं अनुभवानें ओळखलें होतें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादास हिरडा व आंवळा यांचेंच नांव आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें तर आपल्या 'भावप्रकाशां'त बारकावा असा सांगितला कीं, चावून खाल्लेला हिरडा भूक वाढवितो, वाटून घेतलेला मळ शुद्ध करतो आणि वाफवलेला मळ बांधतो. वर्षा ऋतूंत सैंधवाबरोबर, शरदांत साखरेबरोबर, हेमंतांत सुंठीबरोबर, शिशिरांत पिंपळीबरोबर, वसंतांत मधाबरोबर व ग्रीष्मांत गुळाबरोबर तो घ्यावा, असा क्रमही त्यानें लावून दिला. आणि लगोलग निषेधही सांगितला : प्रवासानें थकलेला, अशक्त, कृश, उपवासानें क्षीण झालेला, पित्ताधिक्य असलेला, तसेंच गर्भवती स्त्री यांनीं हिरडा घेऊं नये. आईसारखें औषधही अवेळीं घेतलें तर रागावतें, हें त्यास पुरतें ठाऊक होतें.

पुढें हें फळ पश्चिमेकडे निघालें. फारसींत तें 'हलीला' झालें, अरबींत 'हलीलज'. आणि हिरडा, बेहडा व आंवळा यांची आपली त्रिफळा यूनानी वैद्यकांत 'इत्रिफल' म्हणून रुळली. काबूलच्या वाटेनें आलेला म्हणून युरोपांत त्यास 'चेबुला' म्हणूं लागले. झाडाच्या शास्त्रीय नांवांत बाजारपेठेची ही खूण आजही कायम आहे. सन १५३४ मध्यें गोव्यास आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें सन १५६३ मध्यें गोव्यांतच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत हिरड्याच्या वर्गांतील या फळांना एक स्वतंत्र प्रकरण दिलें. क्लुसियस यानें सन १५६७ मध्यें त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला, आणि हिंदी वनस्पतींची ही माहिती युरोपच्या विद्वानांपर्यंत पोंचली.

औषधें देशोदेशीं फिरलीं. परंतु 'कोणास, केव्हां व किती' हा विवेक त्यांच्याबरोबर सर्वत्र गेला असें म्हणतां येत नाहीं. सन १७९३ मध्यें फिलाडेल्फियांत पीतज्वराची साथ आली, तेव्हां बेंजामिन रश हा नामांकित वैद्य रोग्यांना पाऱ्याचें कॅलोमेल व जॅलप या मुळीचें जालीम रेचक देत होता, शिवाय रक्तही काढीत होता. अशा उपायांचें वेड ओसरण्यास दीर्घ काळ लागला. अमेरिकेच्या सैन्याच्या औषधसूचींतून कॅलोमेल वगळण्याचा हुकूम विल्यम हॅमंड यानें सन १८६३ मध्यें काढला, तेव्हां वैद्यवर्गांत मोठी खळबळ उडाली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं आंतड्यांतील मळाचें विष सर्व शरीरांत भिनतें, ही कल्पना बळावली. लंडनचे शस्त्रवैद्य अर्बथनॉट लेन यांनीं तर बद्धकोष्ठासाठीं रोग्यांचीं मोठीं आंतडींच काढून टाकलीं! अखेर सन १९१९ मध्यें वॉल्टर अल्व्हारेझ यांनीं साधा प्रश्न केला : कोठा साफ होतांच डोकेदुखी व जडपणा तत्काळ नाहींसा होतो, विष रक्तांत भिनलें असतें तर तो इतका झटपट कसा जाईल? आंतडें ताणल्यामुळेंच हीं लक्षणें होतात, असें त्यांनीं मांडलें, आणि त्या कल्पनेचा जोर ओसरला.

आजचें शास्त्रही हेंच सांगतें. निरोगी आंतडें स्वतःस स्वच्छ ठेवतें. त्याचें अस्तर दर कांहीं दिवसांनीं नवें होतें. त्यास वरचेवर धुवून काढण्याची गरज नाहीं. उलट तीव्र रेचकांच्या नित्य सेवनानें पाणी व क्षार निघून जाऊन शरीर क्षीण होतें. मलप्रवृत्तींत दीर्घकाळ बदल राहिला किंवा रक्त दिसलें, तर तेथें घरगुती उपाय थांबवून वैद्याकडेच गेलें पाहिजे.

हिरड्याचा गौरव करणाऱ्या जुन्या ग्रंथकारांचें खरें शहाणपण त्यांनीं गायिलेल्या गुणांत जितकें आहे, तितकेंच त्यांनीं सांगितलेल्या निषेधांत आहे. गुण तेवढे लक्षांत ठेवून निषेध विसरणें, ही औषधावरची श्रद्धा नव्हे. तो औषधाचा अपमान होय.