लायटरच्या ‘टक्’मागची गोष्ट

सकाळी चहा ठेवताना गॅसचा लायटर दाबला, की टक् होतं आणि ठिणगी पडते. त्यात ना सेल, ना वायर. मग वीज येते कुठून? आमच्या रेडिओ गटात हा प्रश्न निघाला आणि शोधता शोधता आम्ही पॅरिसला पोचलो.

१८८० साली तिथं झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवलं, की काही स्फटिक दाबले की त्यांच्या अंगावर विजेचा भार येतो. त्यात क्वार्ट्झ होतं, म्हणजे आपल्या बांधावर सापडते त्या गारगोटीच्याच जातीचं. याच विजेला पुढं पिएझो हे नाव पडलं.

पण आम्हाला थांबवलं ते पिएरच्या बायकोनं. मेरी पोलंडची. तिच्या वॉर्सा शहरातल्या विद्यापीठात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून १८९१ मध्ये ती पॅरिसला शिकायला आली. युरेनियमच्या किरणांमुळं हवेतून अगदी बारीकशी वीज वाहते. ती मोजायला तिनं दीर-नवऱ्याचंच यंत्र घेतलं. क्वार्ट्झच्या पातळ पट्टीला वजन लावून ताण द्यायचा, ताणानं निघालेली वीज किरणांच्या विजेशी बरोबर जुळवायची, आणि किती वेळ लागला ते घड्याळात बघायचं. तराजूच म्हणा ना! या मोजणीतून कळलं, की पिचब्लेंड नावाचा खनिज दगड युरेनियमपेक्षाही जास्त किरण सोडतो. म्हणजे त्यात आणखी काहीतरी दडलेलं होतं. १८९८ मध्ये नवरा-बायकोनं पोलोनियम आणि रेडियम जाहीर केलं.

आणि १९०३ च्या नोबेलसाठी फ्रान्सहून शिफारस गेली, त्यात मेरीचं नावच नव्हतं! स्वीडनच्या एका गणितज्ञानं पिएरला कळवलं. पिएरनं उलट लिहिलं, की मेरीचाही विचार व्हायला हवा. तेव्हा कुठं तिचं नाव लागलं. मोजणी तिची, तरी नावासाठी नवऱ्याचं पत्र लागलं, हे ऐकून आमच्या गटात बराच वेळ बोलणं चाललं.

स्फटिक मात्र कडक, वाकवला तर तुटतो. १९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांनी दाखवलं, की एक खास प्लास्टिक ताणून त्याला जोरदार विजेत ठेवलं, तर तेही असंच वागतं. आता तो पातळ पापुद्रा तांब्याच्या रेषा असलेल्या, वाकणाऱ्या सर्किटच्या पट्टीवर बसवतात. गादीखाली ठेवला, तर झोपलेल्या माणसाचा श्वास टिपतो. नुसतं ओझं ठेवून दिलं, तर मात्र थोड्या वेळानं गप्प होतो. दाब बदलला, तरच बोलतो.