नाण्यावरील व्रण: टांकसाळीची चूक की काळाची करणी?

१/ आजीच्या डब्यात तांब्याचे एक जुने नाणे सापडते. त्यावरची निम्मी अक्षरे गायब, कड एका बाजूस तुटलेली, मधून एक रेघ गेलेली. असे नाणे 'दुर्मीळ एरर कॉइन' म्हणून अवाच्या सवा किमतीला विकणाऱ्या जाहिराती आपण पाहतोच. पण ते खरोखर टांकसाळीत चुकलेले असते, की नुसते झिजलेले आणि गंजलेले? #थ्रेड

२/ नाण्यावरील कोणत्याही खुणेस एकच प्रश्न विचारावा: ही खूण नाणे घडताना उमटली, की ते टांकसाळीबाहेर पडल्यावर? पहिली चूक, दुसरी हानी. मात्र उत्तर देण्यापूर्वी ते नाणे कसे पाडले गेले, हे ठाऊक हवे.

३/ शिवराईचेच उदाहरण घ्या. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने घाव घातला जाई. ठसा बहुधा तुकड्याहून मोठा असे. त्यामुळे अक्षरे कडेबाहेर राहत, छाप सरकलेला दिसे. ही त्या काळची रीत होती. अशा शिवराईला 'एरर' म्हणणे म्हणजे इतिहास न कळणे होय.

४/ १८३० च्या सुमारास मुंबईच्या टांकसाळीत वाफेची यंत्रे आली आणि १८३५ मध्ये कंपनीच्या मुलुखात एकसारखी नाणी सुरू झाली. चकती, ठसा आणि वजन ठरलेले असल्याने, नियमातून सुटलेले नाणे आता खऱ्या अर्थाने 'चूक' ठरू लागले.

५/ प्रथम रेघ पाहा. ठशाला तडा गेला, तर दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते. ओरखडा मात्र खोल जातो व त्याच्या काठाशी धातू सरकून साचतो. भिंग घ्या, प्रकाश तिरपा पाडा. फरक लगेच दिसेल.

६/ मग कड. पत्र्यातून चकत्या कापताना एक चकती आधीच्या छिद्रावर आली, तर तिचा चंद्रकोरीसारखा भाग कमी पडतो. अशा चकतीची कड वळवताना तुटीच्या नेमक्या समोर दाब नीट बसत नाही; म्हणून तेथील कड बहुधा पुसट राहते. नंतर कात्रीने किंवा कानशीने कापलेल्या नाण्याची समोरची कड मात्र शाबूत असते.

७/ अक्षरे गायब आहेत? ठशाच्या खोबणीत वंगण व मळ साचला, तर तेवढीच अक्षरे पुसट येतात. शेजारची ठसठशीत राहतात. हातोहाती झिजलेल्या नाण्यात मात्र सर्वांत उंच भाग आधी सपाट होतो.

८/ भोकाचेही तसेच. १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा हेतुपुरस्सर तसाच पाडला होता. महायुद्धात धातू वाचवायचा होता. राणीछाप रुपयाचे भोक मात्र दागिन्यात ओवण्यासाठी कोणीतरी नंतर पाडलेले असते. तेथे अक्षरे मध्येच चिरली जातात.

९/ आता माती आणि हवा. तांब्यावर काळाने चढलेला घट्ट, गुळगुळीत थर त्याचे रक्षण करतो. पण फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर सावध व्हा: क्षार व दमटपणा मिळून धातू आतून खात आहेत. खड्डे पडतात, वजन घटते, नाणे पातळ होते. 'पातळ चकतीचे दुर्मीळ नाणे' म्हणून दाखवले जाणारे नाणे आम्लात बुडवलेलेही असू शकते. मग त्याची अक्षरेही बारीक व अस्पष्ट झालेली असतात.

१०/ म्हणूनच एक कळकळीची विनंती. देवघरातील तांब्याप्रमाणे नाणे चिंच-लिंबाने घासू नका. आम्ल कळंकासोबत वरचा धातूही नेते आणि चूक की हानी हे सांगणारा पुरावाच नष्ट होतो. नाणे कडेला धरा, कोरडे ठेवा, वजन करा, भिंगाखाली पाहा.

११/ हानी झालेले नाणे टाकाऊ नसते. ते किती हातांतून फिरले, कोणाच्या गळ्यात मिरवले, कोणत्या मातीत पडून राहिले, हे तेच सांगते. फक्त त्याला टांकसाळीची चूक म्हणून विकत घेऊ नका.