माजघराच्या चौकटीचा रंग

इतिहास म्हटला म्हणजे तट, तोफा व तहनामे आमच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु ज्या घरांत बसून आपण तो वाचतों, त्या घराच्या चौकटींनाहि कांहीं इतिहास असेल, हें सहसा मनांत येत नाहीं. दोन खोल्यांमधील चौकट ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. ती ओसरीची म्हणावी तर माजघरांतूनहि दिसते, आणि माजघराची म्हणावी तर आला-गेला पाहुणा तिला ओसरीवरूनच पाहतो. भिंतीचा रंग ज्या त्या खोलीचा. पण या लांकडाचा रंग कोणत्या भिंतीशीं जुळवावा? घर रंगवावयास काढलें कीं हा प्रश्न निघतोच, व त्यावरून थोडीबहुत कुरबुरहि होते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा प्रश्न वाटतो तितका जुना नाहीं.

गोंदिया तालुक्यांतील दवनीवाडा व त्याच्या आसपासचीं गांवें हा झाडीपट्टीचा मुलूख. १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला; पण धान, तलाव आणि रान ही या मुलखाची ओळख त्याहून कितीतरी जुनी. येथील जुन्या घराची भिंत मातीची व छप्पर कवेलूंचें. दिवाळीच्या आधीं भिंती पांढऱ्या मातीनें पोतारावयाच्या. तो रंग वर्षापुरता. चौकटीला मात्र रंग नसे, तिला तेल असे. आणि तें तेल दुरून आणावें लागत नसे. बांधींत धान उभें असतांच त्यांत जवस टाकावयाचा, ही इकडील उतेऱ्याची रीत. जवसाच्या तेलाचा गुण असा कीं, तें हवेनें सुकून लांकडावर कठीण होतें. करंजाचें किंवा मोहाच्या टोळीचें तेल तसें सुकत नाहीं, धूळ मात्र धरतें. याच रानांतील पळस व कुसुम या झाडांवर लाख होते. तिचा चपडा स्पिरिटांत विरघळविला म्हणजे सुताराचें पॉलिश तयार. जवस काय किंवा लाख काय, दोन्हीं लांकडाला झांकीत नाहींत. त्याचाच रंग गडद करून दाखवितात. त्यामुळें सागाची चौकट दोन्हीं खोल्यांकडून सागाचीच दिसे, व भिंती कशाहि असल्या तरी लांकडाची एक रेघ घरभर अखंड चालत राही. रंग निवडण्याचा प्रसंगच येत नसे.

श्रीमंतांच्या वाड्यांतहि लांकडालाच मान होता. नागपूरकर भोसल्यांचा काळ्या दगडाचा व कोरीव लांकडाचा वाडा १८६४ सालीं जळाला. पुण्याच्या शनिवारवाड्याची तीच गत त्यापूर्वीं १८२८ त झालेली. दगड राहिला, लांकूड गेलें. मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यांत भिंतींवर चित्रें आहेत, आणि पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागांत कोरीव लांकडाचें वैभव अजून पाहावयास मिळतें. त्यांवरून जें गेलें त्याची कल्पना करावी.

सागावर राज्यकर्त्यांचा डोळा जुनाच. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं आरमारासाठीं सागवान तोडावयाचें तें हुजूरची परवानगी घेऊन, असें बजाविलें आहे. इंग्रजी अमलांत १८७८ चा जंगलचा कायदा झाला, रानें राखीव झालीं, आणि दाराशीं साग उभा असूनहि तो विकत घ्यावयाची पाळी गांवकऱ्यांवर आली. आमच्या मतें चौकटीच्या रंगाचा प्रश्न येथें जन्मास आला. दर्शनी दार कसेंबसें सागाचें करावें, आणि आंतील चौकटी जें मिळेल त्या लांकडाच्या कराव्या. हळदू पिवळसर, बीजा तांबूस, ऐन काळसर. एकाच घरांत तीन खोल्यांच्या तीन तऱ्हा! हा विजोडपणा तेलानें झांकेना. उलट अधिकच उठून दिसे.

तेवढ्यांत रंगाचा डबा आला. गोंदिया हें नागपूर-कलकत्ता लोहमार्गावरील जंक्शन. कलकत्त्याजवळ हावड्यास शालिमार कंपनीचा रंगाचा कारखाना १९०२ सालीं निघाला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत परदेशी रंग येईनासा झाला, तेव्हां १९४२ त मुंबईस एशियन पेंट्सचा जन्म झाला. आणि गंमत ही कीं, त्या काळच्या तैलरंगांतील मुख्य तेल जवसाचेंच! आमच्याच बांधींतलें पीक हिरवा-निळा वेष घेऊन डब्यांतून परत आलें, आणि साग, हळदू, ऐन यांना त्यानें एका पडद्याआड घेतलें.

परंतु पडदा म्हटला कीं त्याला दर्शनी बाजू आली. ओसरीकडून हिरवीगार आणि माजघराकडून धुरानें काळवंडलेली अशी एकच चौकट आम्हीं जुन्या घरांत पाहिली आहे. पाहुण्यांच्या डोळ्यांसाठीं डबा उघडावयाचा आणि जिचा सारा दिवस माजघरांत जातो तिच्या वांट्याला उघडें लांकूड, हा हिशेब आम्हांस कधींच पटला नाहीं. दोन रंग द्यावयाचेच तर सुताराची युक्ति सरळ आहे : दार ज्या खाचेंत बसतें त्या खाचेच्या कोपऱ्यावर रंग बदलावा, म्हणजे दार लावलें असतां ज्या खोलीला तिचाच रंग दिसतो. पण आंतलीं दारें काढून टाकून नुसती चौकट ठेवण्याची चाल आतां पडली आहे. तेथें चौकटीची जाडी दोन्हींकडून दिसते व ही युक्ति लंगडी पडते. उंबरठ्याला तर रंग देऊंच नये. पायांनीं तो टिकत नाहीं, आणि हळदकुंकू लांकडावरच शोभतें.

जुना रंग खरवडतांना एक सावधगिरी अवश्य घ्यावी. पूर्वींच्या तैलरंगांत शिसें असे; घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर नसावें, हा नियम आपल्याकडे २०१६ त होऊन २०१७ च्या नोव्हेंबरांत अमलांत आला. म्हणून सुकी चौकट घांसूं नये, ओली करून खरवडावी, व लेंकरांना दूर ठेवावें. निळ्याखालीं हिरवा, हिरव्याखालीं कधीं आणखी एखादा, असे थर निघत जातील. शेवटीं साग निघाला तर वर पुन्हां डबा न उघडतां जवसाचें तेल द्यावें. हळदू व ऐन निघाले तर साऱ्या घरच्या चौकटींना, दोन्हीं बाजूंनीं, एकच गडद तपकिरी रंग द्यावा.