जळगांवचें कविसंमेलन व रेव्हरंड टिळकांचें अध्यापन

१९०७ हें साल मराठी ग्रंथांच्या शोधकांस दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं मंगळूर येथें जे. एल. साल्ढाणा यांनीं फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची आवृत्ति रोमन लिपींत छापून काढली. आणि त्याच वर्षीं आमच्या खानदेशांत, जळगांव मुक्कामीं, मराठी कवींचें पहिलें संमेलन भरलें. या दोन गोष्टींचा परस्परांशीं उघड संबंध कांहींच नाहीं. तथापि दोहोंच्या मधोमध एक पुरुष उभा आहे, तो म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नव्यानें उभी राहणारी ख्रिस्ती मंडळी मराठींत कशी शिकवावी, हा जो प्रश्न स्टीफन्सपुढें होता, तोच सुमारें तीनशें वर्षांनीं टिळकांपुढें आला. आणि त्यांनीं दिलेल्या उत्तराचा एक धागा जळगांवच्या त्या संमेलनांतून गेलेला आहे. तो दाखविणें, आणि त्याबरोबर आम्हां संग्राहकांकडून घडलेल्या एका चुकीची कबुली देणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु.

स्टीफन्सची हकीकत वाचकांस विदित आहे. तिच्यांतील एक मुद्दा मात्र येथें पुन्हा सांगणें अवश्य आहे. सासष्टींतील नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या आणि त्यांच्या जागीं कानास व मनास तृप्त करील असें कांहीं आलें नव्हतें. प्रश्नोत्तरांच्या पाठांतरानें ती भूक भागेना. आमच्या भाषेंत आम्हांस एखादें पुराण असावें, ही मागणी खुद्द ग्रंथाच्या आरंभींच श्रोत्याच्या तोंडीं घातलेली आहे. स्टीफन्सनें ती ओवींत पुरी केली. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वर; ओव्या अनुक्रमें ४,१८१ व ६,७८१, एकूण १०,९६२. १६१६, १६४९ व १६५४ असा तीन वेळां हा ग्रंथ छापला गेला, परंतु त्या छापील प्रतींपैकीं एकही आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो हातानें उतरून घेतलेल्या नकलांवर. छाप नष्ट व्हावा आणि लेखणी टिकावी, हा प्रकार आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल! लंडन येथील मार्सडन संग्रहांत देवनागरी प्रत आहे, ती ओळखून विद्वानांच्या नजरेस आणली अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. जस्टिन ॲबट यांनीं. एकनाथ, तुकाराम, रामदास यांचीं चरित्रें इंग्रजींत उतरविणारे ॲबट ते हेच.

आतां टिळकांकडे वळूं. त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. संस्कृताचें अध्ययन नाशकास. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पुढें अहमदनगर हें त्यांचें कार्यक्षेत्र झालें. नगरास अमेरिकन मिशनचें ठाणें १८३१ पासून होतें व ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ पासून निघत होतें. परंतु टिळक तेथें आले त्या सुमारास मंडळीचें रूप पालटत होतें. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं गांवेंच्या गांवें उघडीं केलीं. अनाथ मुलें मिशनच्या आश्रयास आलीं, आणि खेडोपाडींचीं, बहुशः महार व मांग कुटुंबें मंडळींत शिरलीं. अशा मंडळीचा खरा गुरु म्हणजे खेड्यांतील मिशनशाळेचा मास्तर. दिवसां मुलांस धुळाक्षरें, रात्रीं मोठ्यांस भजन, रविवारीं उपदेश, शिवाय कोणाचा अर्ज लिहून देणें व कोणाचा तंटा मिटविणें, हीं सारीं कामें त्या एकट्याचींच. हे मास्तर आणि उपदेशक ज्या ईश्वरविज्ञानाच्या शाळेंत तयार होत, तेथें टिळक शिकवीत असत. १९०४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी भागही त्यांच्याकडे आला.

त्यांच्यापूर्वीं मंडळी गात नव्हती असें नव्हे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाची पद्धति रुजविली होती. परंतु उपासनेंत पुष्कळ गीतें इंग्रजीवरून उतरलेलीं व इंग्रजी चालीवर बसविलेलीं असत, आणि येथें छंदःशास्त्राची एक अडचण आहे. आम्ही वृत्तें शिकविण्यांत उभी हयात घालविली असल्यामुळें वाचकांनीं या विषयांतराची क्षमा करावी. इंग्रजी स्तोत्राचें जें सर्वसामान्य माप, आठ-सहा-आठ-सहा अवयवांचें, तें नुसत्या मोजणीवर चालत नाहीं. तें आघातावर चालतें. एक अवयव दुबळा, एक बळकट, असा तो पायरव आहे. मराठी शब्दांत असा ठरीव आघात नाहीं. आमचा अभंग अक्षरें मोजतो: मोठ्या अभंगांत सहा-सहा-सहा व शेवटीं चार, लहानांत आठ-आठ, आणि गातांना ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब गळा आपला आपण करतो. त्यामुळें इंग्रजी चालीवर घातलेला मराठी शब्द भलत्याच अक्षरावर ठेंचाळतो, आणि अक्षरशत्रु मनुष्याच्या ध्यानांत अर्थ राहत नाहीं व चालही राहत नाहीं. चार चरणांचा अभंग मात्र तो एका रात्रींत उचलतो, कारण त्याचा सांचा त्याच्या आजीच्या जात्यापाशींच तयार झालेला असतो.

टिळकांनीं ही गोष्ट उमजून अभंग, ओंवी, पद, आरती हे घरचेच सांचे उपासनेच्या कामीं लावले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलों असें ते सांगत, आणि आपल्या विद्यार्थ्यांसही त्यांनीं त्याच सेतूवरून नेलें. त्यांचीं गीतें ‘उपासना-संगीत’ या संग्रहांत शिरून आज शंभर वर्षें मराठी ख्रिस्ती देवळांतून गाइलीं जात आहेत. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें ओंवीबद्ध महाकाव्य ९ मे १९१९ रोजीं त्यांच्या निधनानें थोडक्या अध्यायांवर थांबलें. तें पुरें केलें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं. १९३८ सालीं तें छापून निघालें तेव्हां त्याही हयात नव्हत्या. स्टीफन्सची ओंवी आणि लक्ष्मीबाईंची ओंवी यांमध्यें तीन शतकें आहेत, पण प्रयोजन एकच.

येथें एक योगायोग नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. नगरास टिळक ओंवीस नवें काम लावीत होते, त्याच वर्षांत धुळ्यास आमचे पूर्वसूरि जुनी ओंवी मठांच्या पेट्यांतून बाहेर काढीत होते. कल्याणस्वामींच्या हस्ताक्षरांतील डोमगांवच्या प्रतीवरून शंकर श्रीकृष्ण देव यांनीं दासबोध छापला तो १९०५ सालीं. राजवाडे यांची ज्ञानेश्वरी आली ती १९०९ सालीं. धुळें ते नगर हा रस्ता कांहीं फार लांबचा नव्हे. परंतु या दोन उद्योगांनीं एकमेकांची विचारपूस केल्याचें दिसत नाहीं, आणि जी काय भेट झाली ती जळगांवीं, कवींच्या मेळ्यांत.

खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ सालीं झाले आणि जळगांव हें पूर्व खानदेशचें मुख्य ठिकाण ठरलें. दुसऱ्याच वर्षीं तेथें हें संमेलन भरलें. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशानें लष्करी वैद्य, व्यासंगानें वनस्पतिशास्त्रज्ञ आणि हौसेनें कवि. हिंदी औषधी वनस्पतींवरील ज्या मोठ्या ग्रंथास आपले वैद्य आजही हात लावतात, तो त्यांचा व बसूंचा. सभेंत एका कोवळ्या मुलानें आपली कविता म्हटली. हा धरणगांवचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १३ ऑगस्ट १८९० चा जन्म. कीर्तिकरांनीं त्यास ‘बालकवि’ ही पदवी दिली, हें शाळेंतल्या मुलांसही ठाऊक आहे. परंतु आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. सभेस रेव्हरंड टिळक हजर होते. त्यांनीं त्या मुलाचें तेज ओळखलें, आणि तो पुढें नगरास त्यांच्या घरीं राहिला. लक्ष्मीबाईंनीं त्यास पोटच्या मुलासारखें संभाळलें. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारांस हें सांगावयास नको.

ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती पाळकाच्या घरीं राहून जेवतो, काव्य शिकतो, रुसतो, निघून जातो, परत येतो. आणि ख्रिस्ती होत नाहीं. टिळकांच्या अध्यापनाचें मर्म आम्हांस येथें दिसतें. आपल्या मंडळीच्या कुंपणाबाहेर ज्याचें गाणें ऐकलें जात नाहीं, त्याचें गाणें मंडळींतही फार दिवस टिकणार नाहीं, अशी त्यांची धारणा असली पाहिजे. नगरच्या वर्गांत खेड्यांतले मास्तर आणि घरच्या ओसरीवर बालकवि, या दोघांस शिकविणारा मनुष्य एकच आणि मराठीही एकच. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा ठेविली होती. त्या कल्पनेचें बीज जळगांवांत पडलें असें म्हणणें धाडसाचें होईल. पण तिची तालीम टिळकांच्या घरांत दहा वर्षें अगोदर चालू झाली होती, एवढें आम्ही निःशंकपणें म्हणूं. बालकवींचा अंत पुढें ५ मे १९१८ रोजीं भादलीजवळ आगगाडीखालीं झाला. गुरु त्यांच्यामागें जेमतेम एक वर्ष जगले.

टिळकांचेंच उत्तर तेवढें खरें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पंडिता रमाबाई या टिळकांहून अधिक संस्कृतज्ञ. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस ‘सरस्वती’ म्हटलें. त्यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठींत उतरविलें आणि तें करतांना संस्कृत शब्दांस बुद्ध्याच दार बंद केलें. जुन्या देवधर्माचा वास ज्यास येतो तो शब्द नको, आणि खेड्यांतल्या बाईस जो विचारावा लागेल तोही नको, असा त्यांचा कटाक्ष. १९२२ सालीं त्या वारल्या. बायबल १९२४ सालीं बाहेर आलें. तारुण्यांत तें वाचतांना आम्ही नाक मुरडलें होतें. ज्या बाईच्या जिभेवर अख्खें भागवत, तिनें असें उघडें बोडकें गद्य कां लिहावें? पुढें खानदेशांत मास्तरकी केली तेव्हां उत्तर मिळालें. ज्या वर्गांत ‘माझा’ या शब्दास ‘मना’ म्हणतात आणि ‘आहे’स ‘शे’, तेथें ‘अनुग्रह’ हा शब्द फळ्यावर लिहून पहावा! मुलें वळण सुरेख काढतात आणि अर्थाच्या वेळीं खिडकीबाहेर पाहतात. संस्कृताभिमान्यास हें कबूल करणें जड जातें, पण रमाबाईंस आमच्यापेक्षां वर्ग अधिक कळत होता.

खानदेशांतील मंडळी तर नगरहून वयानें लहान. फ्रेड्रिक फ्रान्सन यांनीं १८९० सालीं शिकागोस स्थापिलेलें स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन विसाव्या शतकाच्या आरंभीं इकडे आलें. जळगांव, भुसावळ या बाजूस दुसऱ्या एका अमेरिकन संस्थेचीं ठाणीं होतीं. परदेशी मनुष्य पुस्तकी मराठी शिकून येई. समोरची मंडळी अहिराणी, भिल्ली किंवा लेवा बोलणारी. मधलें भाषांतर करी तो पुन्हा मास्तरच. टिळकांचा अभंग गाऊन दाखवावयाचा आणि त्याचा अर्थ रमाबाईंच्या रीतीनें, घरच्या बोलींत, सांगावयाचा, असें त्याचें दुहेरी काम असे.

आतां कबुली. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, आम्ही एरंडोलच्या बाजूस नोकरीस असतांना, असेच एक वृद्ध, निवृत्त मिशन-मास्तर आमच्याकडे आले. आम्ही जुनीं बाडें जमवितों हें त्यांच्या कानीं गेलें होतें. फडक्यांत बांधलेली एक जाड वही त्यांनीं पुढें ठेविली. एका अंगास गीत, समासांत कठीण शब्दांचे अहिराणी अर्थ, चालींच्या खुणा, आणि मधूनमधून शाळेची हजेरी. आम्ही त्या दिवसांत महानुभाव व रामदासी पोथ्यांच्या पाठीमागें लागलों होतों. वही चाळली न चाळली, आणि “गुरुजी, ही अलीकडची आहे, आमच्या विषयांत बसत नाहीं,” असें म्हणून चहा देऊन त्यांची बोळवण केली. म्हातारा कांहीं बोलला नाहीं. फडक्याची गांठ मारून निघून गेला.

बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांच्या मुलानें व भाच्यानें वहींत टिपल्या नसत्या, तर १९५२ सालीं तें पुस्तक निघतें ना, आणि आसोद्याची बोली साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं येती ना. हें आम्ही मुलांस दर वर्षीं शिकवीत होतों. तरी घरीं चालून आलेली वही आम्हांस दिसली नाहीं. दहाबारा वर्षांनीं उपरति होऊन शोध केला, तेव्हां मास्तर वारले होते, घर विकलें गेलें होतें, व कागद वाळवीनें खाल्ले म्हणून रद्दींत गेल्याचें शेजारणीनें सांगितलें. एरंडोल, धरणगांव, चोपडें, नवापूर या बाजूस अशा वह्या अद्याप पेट्यांत असतील. ज्यांच्या पाहण्यांत येतील त्यांनीं लिपीचें वय न विचारतां त्या मंडळाकडे पाठवाव्यात, अशी आमची विनंति आहे.

आमच्याजवळ त्या वहीचें एक पान आहे. त्या दिवशीं तें सुटें होऊन आमच्या पंचांगांत राहिलें असावें. चारपांच वर्षांनीं सांपडलें. अक्षर टपोरें, शाई जांभळी, मधोमध घडी. वरच्या अर्ध्या भागांत गीताच्या शेवटच्या दोन ओळी. समासांत ‘मना’, ‘तुना’, ‘शे’ हे शब्द एकाखालीं एक लिहिलेले. त्याखालीं त्याच हातची टीप आहे: पाऊस, मुलें दोन हजर, गाणें झालें.