कल्याणची गोष्ठी

मैलूर आता बिदर शहराच्या वस्तीत मिसळून गेले आहे. तेथून हुमनाबादमार्गे बसवकल्याणास जाता येते. मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही भाषा कानी पडणाऱ्या या प्रांताने, श्रद्धेविषयी चारचौघांत कसे बोलावे याचा एक थोर प्रयोग साडेआठशे वर्षांपूर्वी पाहिला.

बाराव्या शतकात कल्याण ही कलचुरी राजा बिज्जळाची राजधानी होती. त्याचे भांडारी बसवण्णा यांनी तेथे शिवशरणांची गोष्ठी भरविली. परंपरा तिला अनुभवमंटप म्हणते. शून्यसिंहासनावर अल्लमप्रभू विराजमान असत आणि सभेत नावाडी चौडय्या व परीट माचिदेव यांनाही आदराचे स्थान असे. पोथीतील प्रमाणापेक्षा स्वतःच्या अनुभवास अधिक मान होता, हे नावावरूनच कळते.

येथील आदर म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे. गृहत्याग करून आलेल्या अक्कमहादेवीस अल्लमांनी भर सभेत कठोर प्रश्न विचारले. परंतु तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि तिची योग्यता मान्य केली. सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर. तेथे तलाव खोदविणाऱ्या सिद्धरामांना, या खटाटोपाने आत्मज्ञान कसे होईल, असे अल्लमांनी विचारले. सिद्धराम प्रथम संतापले, पण पुढे संवाद जुळला आणि ते कल्याणास आले. तलाव मात्र कोणी मोडला नाही. सिद्धेश्वराच्या देवळाभोवती तो आजही आहे.

पुढची कथा दुःखद आहे. चर्मकार हरळय्यांचा पुत्र आणि ब्राह्मण मधुवरसांची कन्या यांचा विवाह झाला, तेव्हा राजाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला, असे परंपरा सांगते. नंतर बिज्जळाचाही वध झाला आणि शरण परागंदा झाले. जेथे उत्तरास उत्तर मिळत होते तेथे शस्त्रास शस्त्र मिळू लागले, आणि गोष्ठी मोडली. तथापि तिचे बोलणे बुडाले नाही. पंधराव्या शतकात 'शून्यसंपादने' या कानडी ग्रंथात शरणांची वचने संवादरूपानेच गुंफली गेली.

त्याच भूमीत, कल्याणजवळच्या लाडवंतीस, 1817 साली श्रीमाणिकप्रभू जन्मले. हुमनाबादेजवळील माणिकनगरात त्यांनी सकलमत संप्रदाय स्थापिला. कोणत्याही मताची निंदा करू नये, ही त्याची शिकवण. त्यांच्या दरबारात हिंदूंप्रमाणे मुसलमानही येत. 1865 साली ते समाधिस्थ झाले. त्यांची पदे मराठीत आहेत, तशी कानडीत व हिंदीतही आहेत.

आपल्या देवळांच्या सभामंडपांत कीर्तन होते, पुराण होते; श्रोता मात्र बहुधा मुकाच राहतो. त्याने शंका काढली तर ती अश्रद्धा मानू नये, आणि त्यानेही उत्तर पुरते ऐकल्यावाचून उठू नये. कल्याणच्या गोष्ठीचा हा दंडक आपल्या मंडपांतही पाळता येण्याजोगा आहे.